दुसरा डिटेक्टर घेताना

श्रोतेहो, नमस्कार.

आज मेटल डिटेक्टरबद्दल बोलणार आहे, आणि त्यातही दुसऱ्या मशीनबद्दल. पहिलं मशीन बहुधा आपण निवडलेलं नसतंच. कुणी वाढदिवसाला देतं, कुणी मुलांसाठी म्हणून आणलेलं असतं, कुणाला ओळखीतून जुनं मिळतं. इथे इंग्लंडमध्ये हा छंद गावोगाव रुजलेला आहे, आणि माझ्या ओळखीची काही मराठी मंडळीही शनिवार-रविवारी हेडफोन लावून शेतात उतरतात. कापणीनंतरचा एक हंगाम असा गेला की प्रश्न ठरलेला असतो: आता चांगलं मशीन घ्यायचंय, कोणतं घेऊ?

मॉडेलचं नाव सांगण्याआधी मला विचारावंसं वाटतं, तुम्ही फिरता कुठे? नांगरलेल्या शेतात, गुरांच्या कुरणात की समुद्रकिनाऱ्यावर? त्या जमिनीत लोखंडाचा कचरा किती आहे? आणि हातातलं मशीन काय बोलतंय ते तुम्हाला कळायला लागलंय का?

जाहिरातींचा सगळा भर असतो खोलीवर. हे मशीन त्याच्यापेक्षा इतके इंच खोल जातं, एवढंच ऐकू येतं. नवशिक्यालाही तेच पटतं: खाली काहीतरी आहे, फक्त माझं मशीन तिथवर पोचत नाही. पण इथल्या शेतात नांगर साधारण २० ते २५ सेंटिमीटर खोल जातो. शतकानुशतकं वरखाली होत आलेल्या त्या थरातच बहुतेक नाणी, गुंड्या, बक्कलं आणि बंदुकीच्या शिशाच्या गोळ्या मिळतात. त्याखालची माती हललेली नसते. तिथे वस्तू जशी पडली किंवा पुरली गेली तशीच असते, आणि तिच्याभोवतीची माती हाही पुरावाच असतो. म्हणून इंग्लंड आणि वेल्ससाठीची डिटेक्टिंगची आचारसंहिता सांगते की नांगराच्या थरातच काम करा. खाली काही लागलं तर हात थांबवा आणि जाणकारांना बोलवा. म्हणजे ज्या खोलीसाठी आपण दुप्पट पैसे मोजायला निघालो, तिथे आपण खणायचंच नाही.

हात थांबवण्यानं काय साधतं याचं उदाहरण सफक परगण्यातल्या हॉक्सन गावाचं आहे. १९९२ च्या नोव्हेंबरमध्ये एरिक लॉझ नावाचे निवृत्त गृहस्थ आपल्या शेतकरी मित्राची हरवलेली हातोडी शोधत होते. मशीन त्यांना निवृत्तीच्या वेळी भेट मिळालेलं. हातोडीऐवजी चांदीचे चमचे, सोन्याचे दागिने आणि नाणी लागू लागली. थोडं काढून झाल्यावर त्यांनी खणणं बंद केलं आणि कळवलं. दुसऱ्या दिवशी पुरातत्त्वज्ञांनी तो सगळा ठेवा पद्धतशीर उचलला, म्हणून तो कोणत्या पेटीत, कसा रचून ठेवला होता हेही समजलं. रोमन काळाच्या अखेरची जवळजवळ १५ हजार नाणी त्यात होती. आज तो ठेवा ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. नंतर हातोडीही सापडली, आणि तीही संग्रहालयानं जपून ठेवली आहे.

मग दुसऱ्या मशीनमध्ये जास्तीचे पैसे कशाचे द्यायचे? माझ्या मते, गर्दीतून एक आवाज वेगळा काढण्याच्या ताकदीचे. हे जरा सविस्तर सांगते.

मशीनच्या खालच्या टोकाच्या ताटलीत तारेचं वेटोळं असतं, ती कॉइल. तिच्यातून जमिनीत चुंबकीय क्षेत्र जातं. खाली धातू असेल तर त्यात विजेचे छोटे भोवरे उठतात, आणि त्यांचा प्रतिसाद कॉइल पकडते. तो प्रतिसाद किती मागे पडला यावरून मशीन अंदाज बांधतं की हे लोखंड, की ॲल्युमिनियम, की चांदी. अडचण अशी की जुन्या वस्तीच्या जागी नाणं एकटं नसतं. त्याच्या शेजारी गंजके खिळे, नालांचे तुकडे, साखळीच्या कड्या असतात. मशीन खिळ्याचा आवाज देऊन पुन्हा सावध होईपर्यंत कॉइल नाण्यावरून पुढे गेलेली असते. खिळ्याच्या आड नाणं लपतं ते असं. सावध व्हायच्या या वेगाला रिकव्हरी स्पीड म्हणतात. स्वस्त मशीनमध्ये तो मंद असतो आणि बदलताही येत नाही. चांगल्या मशीनमध्ये तो आपल्याला ठरवता येतो.

याची परीक्षा घरीच करता येते. एका लाकडी फळीवर तीन-चार खिळे आडवेतिडवे ठेवायचे आणि त्यांच्या मधोमध एक नाणं, खिळ्यांपासून दोन बोटांवर. खिळे ठोकून जोडलेली फळी नको, ते खिळेही वाजतात. आता कॉइल फळीच्या वरून, चार बोटं अंतर राखून, रोजच्या वेगानं फिरवायची. एका बाजूनं नुसती घरघर ऐकू येईल. फळीभोवती पाव फेरी मारून पुन्हा फिरवा, घरघरीतून एक बारीक, उंच, तुटका टिपका निघेल. मंद मशीनमध्ये तो निघणारच नाही. दुकानात किंवा क्लबच्या मैदानावर नवं मशीन पाहायला जाल तेव्हा एवढीच एक परीक्षा आग्रहानं घ्या.

रेडिओवर आहोत म्हणून आवाजाबद्दल आणखी थोडं. नाण्याचा आवाज गोल असतो. कुठूनही कॉइल फिरवा, तो तसाच येतो. वाकलेल्या खिळ्याचा आवाजही कधीकधी उंच लागतो, पण बाजू बदलली की घसरतो किंवा दोनदा वाजतो. धातूच्या अंदाजानुसार पडद्यावर जो आकडा दिसतो त्याच्यापेक्षा हे जास्त भरवशाचं आहे. कारण आकड्याला मर्यादा आहेत. शीतपेयाच्या डब्याची ॲल्युमिनियमची कडी आणि सोन्याची अंगठी यांचे आकडे एकमेकांत मिसळतात. कडी नको म्हणून त्या आकड्याचा आवाज बंद केलात तर अंगठीही बंद झाली, मशीन कितीही महाग असो. म्हणून हेडफोन चांगले घ्या, आणि बिनतारी घेणार असाल तर आवाज उशिरा पोचत नाही ना, ते पाहा. साध्या ब्लूटूथमध्ये आवाज मागे पडतो आणि खड्डा भलतीकडेच खणला जातो.

आता फ्रिक्वेन्सी, म्हणजे कॉइलचं चुंबकीय क्षेत्र सेकंदाला किती आवर्तनं घेतं ते. नवशिक्यांच्या हातात बरेचदा दिसणारं गॅरेट कंपनीचं एस ३०० हे मशीन ८ किलोहर्ट्झवर चालतं, नोक्टाचं सिम्प्लेक्स १२ वर. ही एकाच फ्रिक्वेन्सीची मशीनं वाईट मुळीच नाहीत. कमी फ्रिक्वेन्सी मोठ्या तांब्या-चांदीला चांगली, जास्त फ्रिक्वेन्सी बारीक आणि पातळ वस्तूंना. इथे हा फरक खरोखर जाणवतो तो मध्ययुगीन चांदीच्या पेनीबाबत. १२७९ मध्ये एडवर्ड पहिल्याच्या काळात छोटी गोल नाणी नियमित पडायला लागेपर्यंत सुट्टे पैसे म्हणून पेनीचेच दोन किंवा चार तुकडे कापत. तो पाव तुकडा करंगळीच्या नखाएवढा आणि पत्र्यासारखा पातळ. त्याचा आवाज लागायला वरची फ्रिक्वेन्सी असलेली बरी.

एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी वापरणारी मशीनं पूर्वीही होती, पण ती जड आणि महाग. २०१८ मध्ये मिनलॅबचं इक्विनॉक्स आलं आणि हे तंत्र मधल्या किमतीत उतरलं. २०१९ मध्ये त्यांचंच आणखी स्वस्त व्हॅन्क्विश आलं, २०२२ मध्ये नोक्टाचं लेजंड. तुम्ही समुद्रकिनाऱ्यावर जात असाल तर माझं मत ठाम आहे: अनेक फ्रिक्वेन्सीचंच घ्या. ओल्या खाऱ्या वाळूतून वीज वाहते, आणि एका फ्रिक्वेन्सीचं मशीन तिथे सतत बडबडत राहतं. पाण्यात उतरणार असाल तर पूर्ण मशीन पाण्यात चालतं, की फक्त कॉइल, हे विचारून घ्या. व्हॅन्क्विशची कॉइल भिजलेली चालते, वरची पेटी नाही. पल्स इंडक्शन नावाचा एक वेगळा प्रकार आहे. तो खारी वाळू सहज सोसतो, पण लोखंड आणि चांदी यांत धड फरक करत नाही, सगळंच खणावं लागतं. दुसरं मशीन म्हणून मी तो सुचवणार नाही.

आणि फक्त शेतातच फिरत असाल, तर एक हंगाम थांबून त्याच पैशांत दोन गोष्टी घ्या. पहिली पिनपॉइंटर, म्हणजे खड्ड्यात नेमकी वस्तू दाखवणारी छोटी कांडी. त्यानं खड्डा लहान राहतो, वस्तूला फावडं लागत नाही, आणि शेतकरी पुन्हा येऊ देतो. दुसरी, तुमच्याच मशीनची लहान, सहा-सात इंची कॉइल. लहान कॉइलखाली एका वेळी कमी खिळे येतात, म्हणून जुन्या घरांच्या आसपास ती मोठ्या कॉइलच्या पुढे जाते. मशीन तेच, पण ऐकू येणारं शेत निराळं. स्टॅफर्डशरचा प्रसिद्ध ॲंग्लो-सॅक्सन ठेवा, सुमारे ४ किलो सोनं, २००९ मध्ये ज्या मशीननं सापडला ते १४ वर्षं जुनं होतं.

घरी महाराष्ट्रात ऐकत असलेल्या श्रोत्यांना एक कळकळीची विनंती. इथलं पाहून मशीन मागवू नका आणि गडावर तर नेऊच नका. भारतात १८७८ चा निखात निधी कायदा आजही लागू आहे. जमिनीत दडलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तरी जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. संरक्षित स्मारकात परवान्याशिवाय खणणं हा गुन्हा आहे. इथे इंग्लंडमध्ये १९९६ चा ट्रेझर ॲक्ट आहे, जमीनमालकाची परवानगी घ्यावी लागते, ठेवा ठरू शकेल असं काही मिळालं तर १४ दिवसांत कळवावं लागतं, आणि साध्या वस्तूंचीही नोंद करून घेणारे अधिकारी परगण्यापरगण्यात नेमलेले आहेत. अशी सोय आपल्याकडे नाही. गडावरून उचललेली शिवराई ही नोंदीविना हरवलेली शिवराई आहे.

आणि गुप्तधन शंभर मीटरवरून दाखवतो म्हणून विकली जाणारी, हातात दोन दांड्या धरायची यंत्रं असतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. धातू लांबून असा ओळखता येतच नाही. गोल्फचे चेंडू शोधण्याच्या अशाच एका खेळण्यावरून बेतलेलं यंत्र बॉम्बशोधक म्हणून इराकला विकलं गेलं होतं. ते विकणाऱ्या ब्रिटिश माणसाला २०१३ मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली. तोवर तपासणी नाक्यांवर लोकांचे जीव त्या दांडीच्या भरवशावर होते.

शेवटी वापरलेल्या मशीनबद्दल, कारण दुसरं मशीन म्हणून मला तेच सर्वांत शहाणपणाचं वाटतं. दर वर्षी नवं मॉडेल काढणारी माणसं आदल्या वर्षीचं उत्तम मशीन विकून टाकतात. घ्यायला जाताना खिशात एक नाणं आणि दोन खिळे असू द्या. मशीन चालू करून कॉइल हवेत स्थिर धरा. बडबड करत असेल तर आधी जवळचे मोबाइल दूर ठेवायला सांगा, मगच मत बनवा. कॉइलची वायर कॉइलला जिथे मिळते तिथे हलकेच हलवून आवाज तुटतो का ऐका, दोष बहुधा तिथेच असतो. चार्जिंगच्या टोकांवर हिरवट गंज दिसला तर ते मशीन खाऱ्या पाण्यात गेलेलं आणि न धुतलेलं आहे, किंमत कितीही उतरली तरी सोडून द्या. नामांकित कंपन्यांच्या हुबेहूब नकला बाजारात आहेत, तेव्हा मूळ पावती मागा आणि मशीनवरचा सिरियल नंबर कंपनीकडून तपासून घ्या. हे सगळं जमलं तर पैसे द्या, आणि पहिले काही दिवस नव्या मशीनची एकही सेटिंग न बदलता तुमच्या ओळखीच्या शेतातच फिरा.

नमस्कार.