कादंबरीतला दुष्काळ आणि पांझरेचा पाटकरी

नमस्कार, श्रोतेहो. परीक्षा आटोपल्यात, जळगाव-भुसावळचा पारा 45 च्या आसपास घुटमळतोय आणि दुपारी घराबाहेर पडायची कुणाची छाती नाही. अशा दिवसांत वाचायच्या पुस्तकांबद्दल बोलावं म्हणतो. त्यातही एका खास प्रकाराबद्दल. पाऊस गेलाय, शेती बुडालीय, सरकार नावालाही उरलेलं नाही आणि पंधरा-सोळा वर्षांची मुलगी त्यातून जीव वाचवत निघालीय, अशा कादंबऱ्या. इंग्रजीत त्यांचा पूर आहे. आपली कॉलेजातली पोरं त्या मोबाइलवर वाचतात, आणि आईला वाटतं, पोरगं नुसतं रील बघतंय.

अमेरिकेतल्या ऑक्टेव्हिया बटलर यांनी 1993 साली ‘पॅरेबल ऑफ द सोअर’ लिहिली. मोठ्यांसाठीच लिहिली, पण तिची नायिका लॉरेन सुरुवातीला पंधरा वर्षांची आहे, आणि गोष्ट सुरू होते 2024 मध्ये. म्हणजे लेखिकेचं भविष्य आपण मागे टाकलंसुद्धा! त्या कॅलिफोर्नियात पाणी पेट्रोलपेक्षा कितीतरी महाग झालंय. लॉरेन भिंतीआडच्या वस्तीत राहते, रानात उगवणारं काय खाता येतं ते पुस्तकांतून शिकते, आणि पळायची वेळ आली तर हाताशी असावी म्हणून एक पिशवी भरून ठेवते. दुसरी कादंबरी 2018 ची, ‘ड्राय’. नील आणि जॅरड शस्टरमन या बापलेकांनी मिळून लिहिलेली. तिच्यात दक्षिण कॅलिफोर्नियाचे नळ एका दिवशी बंद पडतात आणि काही दिवसांत शेजारी शेजाऱ्याच्या जिवावर उठतो.

दोन्ही पुस्तकं मी एका बैठकीत संपवली, इतकी ती धरून ठेवतात. पण ‘ड्राय’ वाचताना मला मधेच हसू आलं. अहो, नळ आठ दिवस आला नाही तर आपल्याकडे कादंबरी सुरू होत नाही, टँकर सुरू होतो. ड्रम, हंडे, कॅन भरून ठेवायचे आणि कुणाच्या दारात मोटर लावून पाणी ओढलं जातंय यावर गल्लीभर डोळा ठेवायचा, हे आमच्या पोरांना बाराखडीबरोबरच येतं.

म्हणून आपण फार शहाणे, असं मात्र नाही. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं, हे आठवत असेल. त्याआधी तिथे पाणी भरायच्या जागांवर गर्दी नको म्हणून जमावबंदीचं 144 कलम लावलं होतं. हे कुणी कादंबरीत लिहिलं असतं तर आपण म्हणालो असतो, जरा जास्तच ताणलं बुवा. आणि रावेर-यावलकडे बघा. सातपुड्याच्या पायथ्याला जमिनीत पाणी मुरायला उत्तम जागा, त्यावर केळीचा सगळा डोलारा उभा. पण पाणी खाली गेलं की शेजाऱ्यापेक्षा खोल बोअर घ्यायचा, त्याने आणखी खोल घ्यायचा. ज्याच्याजवळ पैसा आहे तो टिकतो, बाकीचे केळी काढून टाकतात. गोळी नाही, आग नाही, आरडाओरडा नाही. वर मे महिन्यात उन्हाने केळीचे घड सटकतात, एखाद्या वर्षी हरण्या रोग बागेत शिरला की रोपं उपटून बांधावर टाकावी लागतात. आमच्याकडे पडझड होते ती अशी, बांधाबांधाने.

मग खानदेशातल्या कुणी तरुणाने असली कादंबरी लिहायची ठरवली, तर त्याने कॅलिफोर्नियाची नक्कल का करावी? बंदूक, तळघर आणि डबाबंद अन्न घेऊन एकटं पळणारं कुटुंब आपल्या मातीत रुजत नाही. आपल्याकडे त्याहून नाट्यमय गोष्ट आहे, फक्त ती पाटबंधाऱ्यांच्या अहवालांत पडून आहे. फड पद्धत.

साक्री-धुळ्याकडच्या श्रोत्यांना हे नव्याने सांगायला नको, तरुणांसाठी सांगतो. पांझरा नदीवर, तिकडे नाशिक जिल्ह्यात मोसम नदीवर, काही शतकांपूर्वी लोकांनी दगडी बंधारे घातले. बंधाऱ्याच्या पाण्यावर भिजणाऱ्या जमिनीचे फड, म्हणजे मोठे भाग, पाडले. यंदा कोणत्या फडात ऊस, कोणत्या फडात भुसार, कोणता पडीक, हे सगळ्यांनी बसून ठरवायचं. एका फडात एकच पीक. पाणी कमी असेल त्या वर्षी भिजणारं क्षेत्रच कमी करायचं. आणि मला सगळ्यात आवडतं ते कलम असं, की शेतकऱ्याने आपल्या शेतात स्वतः पाणी घ्यायचं नाही. पाणी देणार पाटकरी, पिकाची राखण करणार जागल्या, आणि त्यांना मोबदला धान्यात. पाटलाचं शेत असलं तरी दार उघडणार पाटकरीच. पुढे नदीवर वरच्या अंगाला धरणं झाली, शेतोशेत विहिरी आणि मोटरी आल्या, आणि बऱ्याच ठिकाणी फड मोडले.

आता कल्पना करा. साल 2065. नदीला पावसाळ्याचे थोडे दिवस सोडले तर पाणी नाही, बोअर कोरडे, वीज अधूनमधून. गावाने जुना बंधारा डागडुजी करून परत फड सुरू केलेत. आणि पाटकरी आहे सतरा वर्षांची मुलगी. तिच्या हातात फावडं आहे. रात्री तिचा सख्खा काका येऊन म्हणतो, माझ्या कांद्याला एवढं पाणी दे, कुणाला कळणार नाही. सकाळी फडावरच्या म्हाताऱ्या विचारतात, “पानी उनं का व माय?”, म्हणजे पाणी आलं का गं? तिने काय सांगायचं? शस्टरमनच्या कुठल्याही पाठलागापेक्षा मला ही रात्र अवघड वाटते, कारण सकाळी तिला त्याच काकाच्या ओट्यावरून जायचं आहे.

तपशिलाची तर ददातच नाही. उन्हाळ्यात वाळवून ठेवलेल्या बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, आहेत, तगून राहायला डबाबंद अन्न कशाला हवं? आतून गार राहणारी, वर झोपता येणारी मातीच्या धाब्याची घरं आहेत. सिमेंटचं छत तापलं की गाव परत त्यांच्याकडेच वळेल. लॉरेन रानातलं खाणं पुस्तकात शोधते. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याला तर वनभाज्यांचा महोत्सव भरतो आणि बायका रानातल्या भाज्या रांधून मांडतात. त्याच गावाने चैतराम पवारांसोबत उजाड झालेलं जंगल राखून परत उभं केलं, आणि 2025 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तेव्हा आमच्या कादंबरीतल्या पोरीला डोंगरापलीकडच्या पाड्यावर काही शिकायला जाता येईल. तिथले लोक मात्र तिला सहजासहजी आत घेणार नाहीत, तेही लिहावं. जंगल राखणाऱ्याला पाहुण्यांची धास्ती असतेच.

एक धोका आहे. फड म्हणजे सगळं गोडीगुलाबीचं असं दाखवलं तर कादंबरी सरकारी जाहिरात होईल. फडाच्या बैठकीत ज्यांच्याजवळ जमीन होती तेच बसायचे. भूमिहीन मजुराच्या पोरीला तिथे आवाज कुठला? कदाचित पाटकरी मुलगी तशाच घरातली असावी. सगळ्यांचं पाणी तिच्या हातात, आणि तिच्या घरचं एक वाफाही नाही. ती धान्यावर राबते, आणि त्या वर्षी धान्यच पिकलेलं नाही. तिने फावडं खाली ठेवलं तर गाव काय करेल, इथून दुसरं प्रकरण सुरू करता येईल.

कुणी लिहायला घेतलं, तर आधी पांझरेकाठच्या एखाद्या आजोबांना गाठा आणि विचारा की पाणी चोरणाऱ्याला दंड काय व्हायचा. गावागावाची उत्तरं वेगळी निघतील आणि आजोबा दोन गोष्टी लपवतील. त्या मात्र काढून घ्या. नमस्कार.