करवत बंद असताना

(ठाण्यात सुतारकाम करणाऱ्या कारागिरांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

आपल्यापैकी काही जण वागळे इस्टेटमधल्या लहान कारखान्यांत काम करतात, तर काही घोडबंदर रोडवरच्या नव्या इमारतींत फर्निचरची कामे घेतात. तेव्हा टेबलावरची विजेची करवत चालवायची कशी, हे मी सांगायला नको. मला बोलायचे आहे ते ती बंद असतानाच्या वेळेबद्दल. लाकूड उलटे फेकले गेले की आपण कारागिराच्या हाताला दोष देतो, पण त्या झटक्याची तयारी पुष्कळदा देखभालीतल्या हयगयीने आधीच झालेली असते.

बंद म्हणजे प्लग काढलेली, आणि तो प्लग काम करणाऱ्याच्या नजरेसमोर ठेवलेली. नुसते बटण पुरेसे नाही, कारण जुन्या वायरिंगमध्ये बटण न्यूट्रलवर बसवलेले असले तर मशीन थांबते, पण फेज, म्हणजे वीज आणणारी तार, आतपर्यंत जिवंत राहते. दहा इंची पाते मिनिटाला ४८०० फेरे घेत असेल, तर त्याच्या दातांचा वेग ताशी २३० किलोमीटरच्या आसपास जातो, आणि बटण बंद केल्यावरही ते काही सेकंद फिरतच असते. त्याला बाजूने फळी दाबून थांबवण्याची सवय मोडायलाच हवी; त्याने पाते वाकते.

पाते काढताना नट पात्याच्या फिरण्याच्या दिशेनेच सैल होतो, हे लक्षात ठेवले की पाना उलट्या दिशेने ओढून आटे बिघडवण्याची वेळ येत नाही. करवत चालू असताना हातमोजे घालायचे नाहीत, पण पाते हाताळताना मात्र जरूर घालायचे. प्लाय आणि सनमायका कापून दातांच्या कडांवर चिकटा बसतो, पाते लाकडाला घासते, लाकडाची कड काळी पडते, आणि कारागीर ‘धार गेली’ म्हणून लाकूड अधिकच रेटतो. कोमट पाण्यात धुण्याचा सोडा टाकून पाते थोडा वेळ बुडवावे, जुन्या टूथब्रशने घासावे आणि लगेच पुसून कोरडे करावे. बरीचशी पाती धार लावायला जाण्याआधी नुसती धुतली, तरी कामाला लागतात.

आता पात्यामागच्या त्या पट्टीबद्दल, जिला दुकानात रिव्हिंग नाइफ म्हणतात. पात्याचे मागचे दात टेबलातून वर येत असतात. कापलेली फट मिटली किंवा लाकूड जरा तिरके झाले, तर ते दात लाकूड उचलतात आणि समोर उभ्या माणसाच्या अंगावर भिरकावतात. ही पट्टी ती फट उघडी ठेवते. म्हणून तिची जाडी पात्याच्या पत्र्यापेक्षा जास्त आणि दातांनी पाडलेल्या फटीपेक्षा कमी असावी लागते: पत्रा १.८ मिलिमीटर आणि फट २.६ असेल, तर २.२ची पट्टी योग्य. पाते बदलले की हे माप पुन्हा तपासावे, आणि पट्टी व पाते यांच्यातले अंतर मशीनच्या पुस्तिकेप्रमाणे, साधारण ३ ते ८ मिलिमीटर, ठेवावे. खाचा मारण्यासाठी ‘पाच मिनिटांपुरती’ काढलेली पट्टी वर्षभर ड्रॉवरमध्ये पडून असते, ही आपल्याकडची जुनी रीत आहे.

पाते सरळ आहे का, हे पाहायला महागडे उपकरण लागत नाही. एका दातावर खूण करावी, टेबलावरच्या खाचेपासून त्याचे अंतर गुण्याने पुढे मोजावे, मग पाते हाताने फिरवून तोच दात मागे नेऊन पुन्हा मोजावे. दोन्ही अंतरे सारखी आली पाहिजेत. लाकूड टेकवायची पट्टी मागच्या टोकाला पात्याकडे झुकलेली असेल, तर ती दुरुस्त होईपर्यंत काम थांबवावे.

ठाण्याच्या खाडीची हवा आणि पावसाळा यांचा त्रास वेगळाच. ॲल्युमिनियमचे टेबल गंजत नाही, पण पाते वर-खाली करणारा स्क्रू आणि गिअर गंजतात. त्यांना साधे तेल लावले की भुशाचा लगदा होतो. त्यापेक्षा ब्रशने साफ करून मेण किंवा कोरडे वंगण लावावे. सिलिकॉनचा स्प्रे लाकडाला लागला की पुढे पॉलिश धरत नाही. भुसा झाडताना नाकावर मास्क हवाच, कारण लाकडाची धूळ कर्करोगकारक असल्याचे १९९५ पासून मान्य झाले आहे.

दोन हजार वॅटची करवत जवळपास ९ अँपिअर ओढते, म्हणून ६ अँपिअरचे सॉकेट आणि बारीक वायरचे लांबलचक एक्स्टेन्शन तिला लावू नये, मोटर तापते. मोटरला आत वीज पोचवणारे कार्बनचे दोन तुकडे (कार्बन ब्रश) झिजून ५-६ मिलिमीटर उरले की दोन्ही एकदमच बदलावेत.

हातात धरून चालवायची विजेची करवत प्लायखाली उलटी बसवून तिचे बटण तारेने बांधण्याचा जो प्रकार साइटवर चालतो, त्यावर देखभालीचा कुठलाही उपाय नाही. लाइट गेली आणि परत आली की ती आपोआप सुरू होते, तेही त्या वेळी हात कुठे आहे याची पर्वा न करता.

सगळे बसवून झाल्यावर पाते हाताने एक फेरा फिरवून कुठे अडते का ते पाहावे, मगच प्लग लावावा आणि पात्याच्या रेषेतून बाजूला उभे राहून मशीन मिनिटभर रिकामी चालवावी. बंद केल्यावर पाते पूर्वीपेक्षा लवकर थांबत असेल किंवा खरखर येत असेल, तर बेअरिंग तपासल्याशिवाय लाकूड लावू नये.