साक्षीदाराची सही

नमस्कार श्रोतेहो.

पाच वर्षांपूर्वी ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या इमारतीखालच्या दुकानात रात्री चोरी झाली. सकाळी मी दूध आणायला खाली उतरलो, तेव्हा हवालदारांनी मला थांबवून विचारले, "साहेब, पंच म्हणून थोडा वेळ उभे राहाल का?" मी उभा राहिलो आणि शेजारचे इस्त्रीवाले काकाही दुसरे पंच म्हणून आले. शटरजवळ पडलेले कापलेले कुलूप आमच्यादेखत खाकी कागदात गुंडाळले गेले. त्यावर दोरा बांधून आम्हा दोघांच्या सह्यांची चिठ्ठी चिकटवली आणि गाठीवर लाखेचे सील केले. चोरी मी पाहिली नव्हती. एक कुलूप कुठे पडले होते आणि ते कशात बांधले गेले, एवढ्याचाच मी साक्षीदार होतो. पंचनाम्याखाली सही करून मी घरी आलो, पण त्या दिवसापासून 'साक्ष' हा शब्द माझ्या मनातून गेलेला नाही.

जो स्वतःच्या डोळ्यांनी पाहतो तो साक्षी, असा या शब्दाचा अर्थ पाणिनीपासून चालत आला आहे. आपण मात्र तो फार दूरवर नेला. लग्न अग्नीच्या साक्षीने लागते आणि आमदार 'ईश्वरसाक्ष' शपथ घेतो. अग्नीला उद्या कोणी कचेरीत बोलावून जबाब विचारणार नाही, हे ठाऊक असूनही आपण त्याला साक्षी ठेवतो, कारण दिलेला शब्द कोणीतरी ऐकला आहे, ही जाणीवच माणसाला त्या शब्दाशी बांधून ठेवते. कायद्याला अग्नी पुरत नाही. 1954च्या विशेष विवाह कायद्याने लग्न नोंदवताना तीन साक्षीदार लागतात, तर 1925च्या भारतीय वारसा कायद्याप्रमाणे मृत्युपत्रावर दोन लागतात. मृत्युपत्राच्या साक्षीदाराने आतला मजकूर वाचलेला असण्याचीही गरज नसते. करणाऱ्याने ते आपल्या हाताने आणि राजीखुशीने केले, एवढेच त्याने सांगायचे असते. साक्षीदाराकडून किती थोडे मागितले जाते आणि ते किती मोलाचे असते, हे मला त्यावरून कळले.

ठाण्याच्या किल्ल्यात, जिथे आज मध्यवर्ती कारागृह आहे, 1787 साली पाया खणताना शिलाहार राजा अरिकेसरीचे 1017 सालचे ताम्रपट सापडले होते. त्याच शिलाहारांच्या काळातले दानाचे शिलालेख ठाणे आणि रायगड जिल्ह्यांत गधेगळांवर, म्हणजे दान मोडणाऱ्याला गाढवाचा शाप कोरलेल्या दगडांवर, आढळतात आणि त्या दगडांच्या माथ्यावर चंद्र-सूर्य असतात. चंद्र-सूर्य असेतोवर हे दान चालावे, असा त्याचा अर्थ आहे. मला त्यात आणखीही काही दिसते. माणसे मरतात, राजे बदलतात, गावे उठतात, म्हणून कधीही न मरणारे दोन साक्षीदार त्या लोकांनी दगडावर बसवून ठेवले.

पुढे मराठेशाहीत वतनाचा किंवा शेताच्या हद्दीचा तंटा गोतसभेपुढे, म्हणजे गावच्या वतनदारांच्या न्यायसभेपुढे येई. तिथे गावचे लोक साक्ष देत, तिला जुन्या कागदांत 'गोही' म्हटले आहे, आणि निकालाचा महजर, म्हणजे निवाडापत्र होई. त्या महजरांखालच्या सह्या पाहताना माझे मन भरून येते. लिहिता न येणाऱ्या पाटलाच्या नावापुढे नांगर काढलेला असतो, पेठेच्या शेट्याच्या नावापुढे तराजू असतो. अक्षर येत नसले तरी आपण पाहिलेल्याची जबाबदारी माणूस आपल्या रोजच्या अवजाराच्या खुणेने घेत होता. ज्या हत्यारावर पोट चालते तेच त्याने सत्यासाठी तारण ठेवले, असे मी मानतो.

तुकोबांनी 'सत्य असत्याशी मन केले ग्वाही, मानियेले नाही बहुमता' असे म्हटले, तेव्हा त्यांनी हाच चावडीवरचा शब्द उचलला आणि आपल्या मनालाच पंच केले. पुढे 1872च्या पुरावा कायद्यानेही, एखादी गोष्ट सिद्ध करायला अमुक इतकेच साक्षीदार हवेत अशी अट ठेवली नाही आणि 1 जुलै 2024पासून लागू झालेल्या नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ते तत्त्व तसेच राहिले आहे. एकच विश्वासू साक्षीदार पुरतो. प्रश्न समजून नीट उत्तर देऊ शकणारे लहान मूलही साक्ष देऊ शकते.

उपनिषदातला साक्षी मात्र वेगळा आहे. एका झाडावर दोन पक्षी बसलेले आहेत, त्यांतला एक फळ खातो आणि दुसरा न खाता नुसता पाहत राहतो. साक्षीभाव म्हणतात तो हा. कोर्टातला साक्षीदार गुंततो आणि हा अलिप्त राहतो, म्हणून दोघांचा संबंध नाही, असे मला अनेक वर्षे वाटत होते. आता तसे वाटत नाही. ज्याला त्या फळातला वाटा नको असतो, त्याचीच साक्ष खरी उतरते. साक्ष फिरवणाऱ्याला आपण फितूर म्हणून मोकळे होतो, पण त्याच्या दारावर रात्री कोणी थाप मारली असेल, याचा विचार करत नाही. साक्षीदार संरक्षण योजनेला सर्वोच्च न्यायालयाने मान्यता दिली ती 2018 साली, म्हणजे साक्षीदाराची भीती कायद्याने मनावर घ्यायला इतका काळ जावा लागला.

माझे समन्स चार वर्षांनी आले. कोर्ट नाक्यावरच्या न्यायालयात ते पुडके माझ्यापुढे ठेवले, तेव्हा लाखेला तडे गेले होते आणि चिठ्ठी पिवळी पडली होती. "ही सही आपलीच का?" या प्रश्नाला मी होय म्हणालो. आरोपीच्या वकिलांनी, शटर तेव्हा अर्धे उघडे होते की पूर्ण, असे विचारले. मी बराच वेळ आठवून पाहिले. दुधाची पिशवी आठवली, वितळलेल्या लाखेचा वास आठवला, पण शटर काही डोळ्यांपुढे येईना. काहीतरी एक सांगून टाकावे, असा मोह क्षणभर झाला. "आठवत नाही," असे मी सांगितले आणि तेही जबाबात जसेच्या तसे टाइप झाले. मग तो जबाब मला वाचून दाखवण्यात आला. त्याखाली सही करताना मी पुन्हा एकदा त्या पिवळ्या चिठ्ठीकडे पाहिले. इस्त्रीवाल्या काकांची सही माझ्या सहीखाली होती. ते वर्षभरापूर्वीच वारले होते.