41 की 35? नेच्यांच्या दोन कुळांची फारकत

एखाद्या नेच्याचं पान उलटं करून पाहा. पाठीवर ओळीनं ठिपके, आणि प्रत्येक ठिपक्यावर मूत्रपिंडाच्या आकाराचं पातळ झाकण. दिसायला असे एकमेकांसारखे शेकडो नेचे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डेन्मार्कचे कार्ल ख्रिस्तेनसेन यांनी ड्रायोप्टेरिस या एकाच प्रजातीत, म्हणजे जवळच्या जातींच्या एकाच गटात, घातले होते.

1940 मध्ये चीनचे रेन-चांग चिंग यांनी त्यातला थेलिप्टेरिसचा मोठा गट वेगळ्या कुळात काढला. देठ आडवा कापला, तर ड्रायोप्टेरिसमध्ये वाहिन्यांचे बरेच गठ्ठे दिसतात, थेलिप्टेरिसमध्ये दोनच, पट्टीसारखे. शिवाय पानांवर सुईसारखे पारदर्शक केस. पण केसांवरून कुळं पाडायची का, हे सगळ्यांना पटेना.

इंग्लंडमध्ये आयरीन मँटन यांनी गुणसूत्रं मोजायला घेतली. नेच्यांत ती फार असतात आणि दाटीनं असतात. मेणात बसवून पातळ काप घ्यायच्या जुन्या रीतीत गुणसूत्रांचेच तुकडे पडायचे. मँटन यांनी ठिपक्यांमधल्या कोवळ्या बीजाणुधान्या, म्हणजे बीजाणूंच्या पिशव्या, रंगवून काचेखाली अलगद दाबल्या. पेशी चपटी होऊन पसरते, गुणसूत्रांच्या जोड्या एकमेकींपासून सुट्या दिसतात, आणि मग एकेक करून मोजता येतात. हात जरा जड पडला की नमुना गेला. शंभराच्या घरातली मोजणी अशा हातांनी बिनचूक करणं, हे मला फार मोठं काम वाटतं.

1950 साली त्यांचे आकडे प्रसिद्ध झाले. ड्रायोप्टेरिसमध्ये 41 जोड्या किंवा त्याची पट. युरोपातल्या मेल फर्नमध्ये 82 जोड्या. दलदलीतल्या थेलिप्टेरिसमध्ये 35. डोंगरउतारावरच्या ओरिओप्टेरिसमध्ये 34. फलनाशिवाय वाढणाऱ्या बीच फर्नमध्ये 90 गुणसूत्रं, म्हणजे 30 ची तिप्पट. थेलिप्टेरिसच्या गटातल्या या शेवटच्या तिघांचा एकही आकडा 41 च्या पाढ्यात बसत नाही. देठ आणि केस पाहून चिंग जिथे पोचले होते, तिथेच मँटन पेशीच्या आतून पोचल्या. पुढे डीएनएनंही ही दोन कुळं एकमेकांपासून बरीच दूर असल्याचं दाखवलं.

थेलिप्टेरिसच्या कुळात मात्र आकडा एक नाही. 27 पासून 36 पर्यंत मूळ संख्या, म्हणजे ज्यांच्या पटीत गुणसूत्रं असतात असे आकडे, सापडतात, त्यामुळे प्रजाती किती मानायच्या यावर वाद चालत राहिला. 2016 च्या जागतिक वर्गीकरणात त्या 30 आहेत, आणि जाती हजाराहून जास्त.

आपल्या सह्याद्रीत ओढ्याकाठी दिसणारा क्रिस्टेला याच कुळातला. 1958 मध्ये गोपीनाथ पाणिग्रही आणि मँटन यांनी या गटाची गुणसूत्रं तपासली. काही झाडांत 36 जोड्या, काहींत 72. बाहेरून ही झाडं इतकी सारखी, की नुसत्या पानावरून नाव देताना जाणकारही थबकतात. मोजणी करायची तर ठिपके हिरवट असतानाच पान घ्यावं लागतं. ते तपकिरी झाले की बीजाणू तयार झालेले असतात, आणि जोड्या दिसण्याची वेळ निघून गेलेली असते.