जाहीरनामे शेजारी-शेजारी ठेवून वाचूया

मंडळी, पक्षांचे जाहीरनामे सोप्या भाषेत शेजारी-शेजारी लिहून काढायला आपण जमलोय. आधीच सांगून टाकतो, मत कुणाला द्यायचं हे सांगायला मी आलेलो नाही, आणि तुम्हीही ते लिहायचं नाहीये. 2024 च्या विधानसभेला मतदान होतं 20 नोव्हेंबरला, आणि महायुतीतल्या भाजपचं संकल्पपत्र न् महाविकास आघाडीचा महाराष्ट्रनामा दोन्ही आले 10 नोव्हेंबरला, एकाच दिवशी. म्हणजे मतदाराच्या हातात दहा दिवस, त्यात सोयाबीन विकायचंय, दारावरून प्रचाराचे भोंगे चाललेत, एवढी पानं वाचणार कोण हो? मग व्हॉट्सअ‍ॅपवर जे येतं तोच जाहीरनामा होऊन बसतो.

आपण काय करायचं, तर एक विषय घ्यायचा आणि त्यावर कोण काय म्हणतंय ते सातवी-आठवी शिकलेल्याला कळेल असं लिहायचं. सोपं वाटतंय ना? एकच ओळ घेऊन बघू. महिलांना दरमहा पैसे. महायुती म्हणाली लाडक्या बहिणीचे 1,500 चे 2,100 करू, आघाडी म्हणाली महालक्ष्मी योजनेतून 3,000 देऊ, वर बसप्रवास फुकट. आता तुम्ही नुसतं ‘2,100 विरुद्ध 3,000’ लिहिलंत की एक जण उसळणार, अहो 1,500 खात्यात येतायत ते का नाही लिहिलं? बरं, ‘एकाचं चालू, दुसऱ्याचं नुसतं आश्वासन’ लिहिलंत तर दुसरा म्हणणार, वाढीव 600 सुद्धा तेव्हा आश्वासनच होतं की! दोघंही बरोबर आहेत. म्हणून आधी आज काय मिळतं ते लिहा, मग हे किती म्हणतात, ते किती म्हणतात, आणि लगेच खाली अट: 2024 मध्ये योजनेचे पैसे सुरू झाले तेव्हा वय 21 ते 65, कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत. वाढीव रकमेलाही हीच अट का? कागदावर नसेल तर सरळ लिहा, ‘सांगितलेलं नाही’.

हे दोन शब्द मला फार आवडतात. कर्जमाफीचंच बघा, आघाडीने 3 लाखांपर्यंत असा आकडा दिला, महायुतीच्या दहा आश्वासनांच्या यादीत कर्जमाफी होती पण मर्यादेचा आकडा नव्हता. तिथे हात शिवशिवतात, कुणी ‘सरसकट’ लिहितं, कुणी ‘गाजर’. दोन्ही नको.

पैसे कुठून आणणार हा रकाना मात्र सगळ्यांना सारखा. काही जण म्हणतात हे विचारणं म्हणजे खोड काढणं झालं. मुळीच नाही. सुप्रीम कोर्टाच्या 2013 च्या निकालानंतर निवडणूक आयोगाने आचारसंहितेतच घातलंय की आश्वासनामागचं कारण आणि पैसा कसा उभा करणार हे जाहीरनाम्यात ढोबळमानाने तरी यावं. आपण तेवढंच विचारतोय.

आणि समतोल म्हणजे दोघांना मोजून चार-चार ओळी नव्हे हं. एखाद्या पक्षाने पाण्यावर दोन पानं लिहिलीत, दुसऱ्याने एक वाक्य, तर ते तसंच दिसू दे.

अजून एक, तक्त्याचा फोटो काढून फिरवू नका. ज्यांना दिसत नाही त्यांचा फोन मजकूर वाचून दाखवतो, फोटोतल्या रकान्यांचं त्याला धड काही जमत नाही. साध्या वाक्यांत टाईप करा, आणि घरातल्या कुणालातरी मोठ्याने वाचून दाखवा, ते जिथे अडतील तिथे वाक्य तोडा.

पक्षाचं काम करणारे चालतील का, असं मगाशी कुणीतरी विचारलं. चालतील की! उलट त्यांना जाहीरनाम्यातली नेमकी पानं माहीत असतात. फक्त त्यांनी लिहिलेलं तपासायला समोरच्या बाजूचा माणूस बसेल, आणि प्रत्येक दाव्यापुढे पान नंबर लागेल. पुढची विधानसभा 2029 ला आहे, तोवर हात बसेल. जाताना दाराशी वही आहे तिच्यात नाव आणि विषय लिहा, शेती, आरोग्य, एसटी, जे तुम्हाला रोज भिडतं ते, टायपिंग येत नसेल तर कागदावर लिहून आणा, टाईप करणारी पोरं आहेत आपल्याकडे.