गाडी पांदणीत चालवून मागा

राजेहो, पत्रिकेत विषय छापलाय ‘मोटारसायकल घेण्यापूर्वी’. तुमच्यातल्या अर्ध्यांनी गाडी दसऱ्यालाच आणली, तरी ऐकायला आलात, बरं वाटलं. मी आयटीआयमध्ये निदेशक होतो. पोरांना इंजिन उघडून दाखवण्यात जन्म गेला, त्यामुळे बोलताना हात चालतात. माइकवाल्या भावाने जरा मागे सरकावं.

माझं म्हणणं एवढंच आहे, की गाडी चालवून पाहायची ती शोरूमच्या रस्त्यावर नाही, आपल्या रस्त्यावर; आणि एकट्याने नाही, आपल्या ओझ्यासकट. कशी, ते सांगतो. पण त्याआधी एक गोष्ट सांगितल्याशिवाय माझं पोट हलकं होणार नाही.

सोयाबीनचे पैसे हाती आले तसा भाचा म्हणाला, मामा, चाला. तालुक्याच्या गावी शोरूम. नाव सांगत नाही, सांगितलं तर पहिल्या रांगेतले दोघं उठून जातील, त्यांचे सोयरे आहेत तिथे. आत एसी, थंड पाणी, चहा. फायनान्सवाला पोरगा खुर्ची ओढून बसला. आधार, पासबुक, सातबारा, सगळं एका दमात मागितलं. भाचा म्हणाला, “पहिले चालवून पाहतो.” झालं! “काका, डेमो गाडीत पेट्रोल नाही.” मी म्हटलं, “मी आणतो ना बावा.” “गाडी सर्व्हिसिंगला आहे.” “थांबतो.” “किल्ली साहेबांकडे आहे, साहेब जेवायला गेलेत.” “जेवू द्या, आम्हीही डबा आणला.” आणि तिथेच सोफ्यावर भाकर-झुणका सोडला. ठेच्याचा वास एसीत घुमला आणि किल्ली सापडली! (हशा)

पुढे ऐका. त्या पोराने हँडल स्वतः धरलं, भाच्याला मागे बसवलं आणि चौपदरी रस्त्याने पेट्रोल पंपापर्यंत नेऊन आणलं. “कशी वाटली?” भाचा म्हणे, “हवा चांगली लागली.” याला म्हणतात टेस्ट राइड! बैलबाजारात आपण दात पाहतो, खांदा चाचपतो, जोडी चालवून पाहतो; आणि इथे लाखाच्या घरातल्या वस्तूचा फक्त कलर विचारतो.

बरं, चौपदरीवर आपलं काम किती? समृद्धी आपल्याच शिवारातून गेली, पण तिच्यावर दुचाकीला मनाई. आपली गाडी चालते पांदणीत. जुलैत काळी माती टायरला धरते, मडगार्डखाली गच्च बसते, चाक फिरेनासं होतं. मग पऱ्हाटीची काडी घेऊन खरडत बसा. टायर आणि मडगार्डमध्ये फट किती, हे ब्रोशरात कोणी छापत नाही. खाली बसून बोटं घालून पाहावं लागतं. आणि मागे कोण असतं? ढेपेचं पोतं, फवारणीचा पंप, नाहीतर बायको आणि लेकरू. मागच्याला धरायला दांडी, पाय ठेवायला पायदान आणि चाक निदान अर्धं झाकणारं साडीगार्ड, हे केंद्रीय मोटार वाहन नियमांतच आहे, नियम 123. आपली पोरं पहिल्याच दिवशी साडीगार्ड खोलून ठेवतात, गाडी म्हणे म्हाताऱ्याची दिसते.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. भजनी मंडळ बाहेर टाळ घेऊन उभं आहे म्हणतात. ठीक आहे, मुद्द्याचं पटापट सांगतो.

लायसन्स आणि हेल्मेट घरून न्या. सतरा वर्षांचं पोरगं पुढे करू नका. 2019 च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीनाच्या गुन्ह्यात पालकाला 25 हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद आहे. डेमो गाडीचा विमा चालू आहे का, पडली तर खर्च कोणाचा, हे बसण्याआधी विचारा.

इंजिन थंड असताना स्वतः सुरू करा. आधीच तापवून ठेवलेली गाडी काय, कोणाच्याही बोटाने सुरू होते. दोन्ही पाय टेकतात का पाहा, तेही मागे माणूस बसवून. अरुंद जागेत वळवा. दुसऱ्या गिअरमध्ये बैलगाडीमागे अडकल्यासारखी हळू चालवा, धक्के देते का बघा. थांबल्यावर न्यूट्रल सापडतो का, साठच्या वेगाला आरशात मागचा ट्रक ओळखू येतो का, हेही बघा. ब्रेकचं नीट ऐका: 125 सीसीपर्यंतच्या बहुतेक गाड्यांत कंबाइन ब्रेक असतो, पायाचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो, 125 सीसीच्या वर एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी सोय. जुन्या गाडीची सवय असलेल्याने हे मोकळ्या जागेत, हळू वेगात, मुरमावर करून पाहावं. आणि घरी येणारी गाडी डेमोची नसते, म्हणून तिचा चासिस नंबर कागदाशी जुळवा, कोणत्या महिन्यात बनली ते विचारा, मीटर पाहा.

आता शोरूमवाला पांदणीत गाडी देणार नाही, हे मलाही कळतं. मग गावात ज्याच्याकडे तेच मॉडेल दोन-तीन वर्षांपासून आहे, त्याला गाठा. शंभराचं पेट्रोल टाका, बायकोला मागे बसवा आणि शेतात जाऊन या. ॲव्हरेज किती, कोणता पार्ट पहिले गेला, तो खरं सांगेल, कारण त्याला कमिशन नाही. फक्त सांभाळून राहा, परत येईपर्यंत तो तीच गाडी तुम्हाला विकायला काढेल.