तंजावर आणि त्याचा समुद्रकिनारा

श्रोतेहो, नमस्कार.

महाराष्ट्रातून तंजावरला जाणाऱ्या मंडळींचा बेत बहुधा ठरलेला असतो. मदुराई, रामेश्वर करून तिरुचिरापल्लीला मुक्काम करायचा. तिथून सकाळी गाडी करून तंजावर गाठायचं, मोठ्या देवळात दोन तास, राजवाड्यात अर्धा तास, आणि दिवेलागणीच्या आत परत. एवढ्यात देऊळ बघून होतं, तंजावर मात्र राहून जातं. हे राज्य कावेरीच्या खोऱ्यातल्या भातावर आणि पूर्व किनाऱ्यावरच्या बंदरांवर उभं होतं. चोळांचं, नंतर नायकांचं आणि शेवटी आपल्या भोसल्यांचं. म्हणून आज तंजावर आणि त्याचा किनारा हे एकत्र कसं पाहावं, याबद्दल बोलू या. त्यासाठी सलग पाच दिवस हाताशी हवेत.

सर्वात आधी, कधी जायचं ते. आपल्याकडे दिवाळीच्या सुटीत दक्षिणेचे बेत आखले जातात, आणि या भागासाठी नेमका तोच काळ वाईट. आपला पाऊस संपतो तेव्हा तिथला सुरू होतो. ऑक्टोबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत ईशान्य मोसमी पाऊस पडतो, आणि बंगालच्या उपसागरातली वादळंही याच दिवसांत नागपट्टणमच्या बाजूला येतात. रस्ते पाण्याखाली जातात, गाड्या उशिरा धावतात. जानेवारी आणि फेब्रुवारी हे उत्तम महिने. त्यातही 14 जानेवारीच्या आसपासचे पोंगलचे चार दिवस टाळा, कारण चेन्नईहून अख्खा तामिळनाडू गावी निघालेला असतो आणि रेल्वेचं आरक्षण कधीच संपलेलं असतं. एप्रिल-मे महिन्यांत दगडी फरशीवर पाऊल ठेववत नाही.

मुंबई-पुण्याहून चेन्नईपर्यंत विमानानं किंवा रेल्वेनं जावं आणि एग्मोर स्थानकावरून रात्रीची गाडी धरावी. पहाटे तंजावर येतं. हातात अर्धा दिवस असेल तर एग्मोरचं सरकारी संग्रहालय स्थानकापासून जवळच आहे. तिथं चोळ काळातल्या कांस्यमूर्ती आहेत आणि नागपट्टणमला सापडलेल्या बुद्धमूर्तीही. पुढं किनाऱ्यावर गेल्यावर या बुद्धमूर्तींची आठवण होणारच आहे. हे संग्रहालय शुक्रवारी बंद असतं.

तंजावरात पहिली सकाळ बृहदीश्वराची. राजराजा चोळानं हे देऊळ 1010 साली पुरं केलं. विमान, म्हणजे गाभाऱ्यावरचं शिखर, साधारण 66 मीटर उंच आहे, आणि एवढा ग्रॅनाइट लागला तरी जवळपास कुठंही तसा डोंगर नाही. सहा वाजता दार उघडतं तेव्हाच पोहोचा. दोन कारणांसाठी. एक तर पादत्राणं बाहेर ठेवावी लागतात आणि दहा-साडेदहानंतर पटांगणातला दगड पाय भाजतो. जाड मोजे जवळ ठेवले तर बरं. दुसरं कारण प्रकाशाचं. शिखराची पूर्वेकडची बाजू सकाळच्या कोवळ्या उन्हातच नीट दिसते. साडेबारानंतर गाभारा बंद होतो तो चारला उघडतो. या भागातल्या जवळजवळ सगळ्या देवळांचा हाच शिरस्ता आहे, आणि सहलीचं गणित चुकतं ते बहुतेक वेळा इथंच: एक वाजता गाडीतून उतरायचं आणि बंद दारासमोर तीन तास बसायचं. दुपार वस्तुसंग्रहालयं, जेवण आणि प्रवास यांसाठी राखून ठेवा.

या शिखराची सावली जमिनीवर पडत नाही असं सांगणारे तिथं हमखास भेटतील. सावली पडते, सकाळ-संध्याकाळ पटांगणात उभं राहून कुणीही पाहावी. देवळाची थोरवी अशा चमत्कारांवर अवलंबून नाही. त्यापेक्षा पायथ्याच्या दगडी थरांवर कोरलेली तामिळ अक्षरं पाहा. देवळाला कुणी किती सोनं दिलं, दिव्याच्या तुपासाठी किती जनावरं दिली, देवळाच्या सेवेत किती नर्तकी होत्या, असा सगळा हिशेब राजराजानं भिंतींवर कोरून ठेवला आहे.

आता उजव्या हाताला देऊळ ठेवून प्रदक्षिणा घाला आणि आवाराच्या नैऋत्य बाजूला, ओवऱ्यांकडे या. इथं भिंतीवर अचानक देवनागरी दिसू लागते. हा 1803 सालचा मराठी शिलालेख. दुसऱ्या सरफोजी राजांनी भोसले घराण्याचा सारा इतिहास इथं कोरून घेतला. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी 1675 च्या सुमारास तंजावर घेतलं आणि 1855 पर्यंत त्यांच्या वंशजांची सत्ता इथं टिकली. वाचायला घाई करू नका. जुन्या मराठीची सवय व्हायला पाच मिनिटं लागतात, मग नावं ओळखीची वाटू लागतात. चोळांच्या देवळाच्या आवारात आपल्या भाषेतला एवढा मोठा मजकूर उभा असताना कित्येक मराठी माणसं त्याच्या पाठीमागून निघून जातात, याचं वाईट वाटतं. संध्याकाळी इथं उजेड कमी पडतो, तेव्हा हे काम सकाळीच उरका.

दुपारी राजवाडा. नायकांनी बांधलेला, भोसल्यांनी वाढवलेला. तिथल्या कलादालनातल्या नटराजाच्या आणि पार्वतीच्या कांस्यमूर्ती पाहायला दीड तास हवा. सरस्वती महाल ग्रंथालयातल्या हस्तलिखितांपैकी तीन हजारांहून अधिक मराठी आहेत, शिवाय मोडी कागदपत्रांचे गठ्ठे वेगळे. सामान्य प्रवाशाला आतलं ग्रंथालय पाहता येत नाही. लहानसं संग्रहालय तेवढं खुलं असतं. ग्रंथालयाची साप्ताहिक सुटी आणि राजवाड्याची सुटी एकाच दिवशी असेल असं धरू नका, आधी विचारून घ्या. इथल्या भोसल्यांच्या दरबारात सतराव्या शतकाच्या अखेरीसच मराठी नाटकं लिहिली जात होती. विष्णुदास भाव्यांचं सांगलीतलं ‘सीतास्वयंवर’ 1843 चं, हे ध्यानात घेतलं म्हणजे या राजवाड्याचं मोल कळतं.

संध्याकाळी शिवगंगा बागेतल्या श्वार्ट्‌झ चर्चला जा. क्रिस्टियान फ्रिडरिश श्वार्ट्‌झ हा जर्मन मिशनरी सरफोजी राजांचा गुरू आणि पाठीराखा. 1798 साली तो वारला. त्याच्या मृत्युशय्येपाशी तरुण सरफोजी उभे आहेत, असं संगमरवरी शिल्प या चर्चमध्ये आहे. इंग्रज शिल्पकार जॉन फ्लॅक्समन यानं ते घडवलं. हा श्वार्ट्‌झ इथं आला तो समुद्रकाठच्या तरंगंबाडीच्या मिशनमधून. म्हणजे किनाऱ्याचा धागा राजधानीतच हाती लागतो.

दुसऱ्या दिवशी तिरुवैयारु, तंजावरपासून 12-13 किलोमीटर. कावेरीकाठी कर्नाटक संगीताचे थोर रचनाकार त्यागराज यांची समाधी आहे. पौष वद्य पंचमीला तिथं आराधना असते आणि शेकडो गायक-वादक एकत्र बसून त्यांच्या पंचरत्न कृती गातात. ही तिथी बहुधा जानेवारीत येते. जमिनीवर बसायची तयारी ठेवा आणि सकाळी सातलाच जागा धरा.

आता जेवणाकडे वळू. केळीच्या पानावरच्या जेवणात भात तीनदा येतो: आधी सांबाराबरोबर, मग रसमबरोबर, शेवटी ताकाबरोबर. पोळी-भाजीनंतर भात घेणारा आपला माणूस पहिल्याच वाढपात सगळा भात सांबारात कालवतो आणि रसम येईपर्यंत पोट भरून बसतो. पहिला भात दोन-तीन घासांचाच घ्या. इडली-डोसा सकाळी आणि संध्याकाळी; दुपारी बाराला मागितलात तर मिळणार नाही. पाटीवर ‘सैवम’ असेल तर ते शाकाहारी, ‘असैवम’ असेल तर मांसाहारी. हिंदीवर इथं फारसं भागत नाही. गावाचं नाव तामिळ अक्षरांत कागदावर लिहून घेतलं की बसचा प्रश्न सुटतो.

कुंभकोणमला इडलीबरोबर कडप्पा मागा. मूगडाळ आणि बटाटा शिजवून त्यात ओलं खोबरं, खसखस, बडीशेप आणि हिरव्या मिरचीचं वाटण घातलेली ही पातळसर भाजी बऱ्याच खाणावळींत फक्त सुटीच्या दिवशी सकाळी असते आणि नऊपर्यंत संपते. तिरुवैयारुला मूगडाळीचा अशोका हलवा खा. तंजावरच्या घरांतून डांगर पच्चडी होते, ती आपल्याला लगेच ओळखू येईल. घरी करायची तर पाव वाटी उडीदडाळ मंद आचेवर गुलाबी होईतो कोरडी भाजा, गार झाल्यावर बारीक दळा, आणि त्यातलं दोन मोठे चमचे पीठ वाटीभर घट्ट दह्यात कालवा. मीठ, हिंग, वरून मोहरी-मिरचीची फोडणी. डाळ कच्ची राहिली तर पच्चडी चिकट होते, करपली तर कडवट. पीठ दह्यात फुगतं, म्हणून जेवायला बसतानाच कालवायचं.

आणि डिग्री कॉफी. भोकांच्या पितळी फिल्टरमध्ये तीन मोठे चमचे ताजी दळलेली पूड हलकी दाबून ठेवतात, वरून उकळतं पाणी ओततात आणि 15-20 मिनिटं थेंबथेंब अर्क उतरू देतात. पूड जास्त दाबली तर अर्क उतरतच नाही, सैल ठेवली तर पाण्यासारखा उतरतो. दूध ताजं आणि बिनपाण्याचं हवं. अर्क पुन्हा उकळायचा नाही. उकळला की कडवटपणा येतो. महामार्गावर कुंभकोणम डिग्री कॉफीच्या पाट्या रांगेनं दिसतील. पितळी डबरा, म्हणजे कॉफीच्या पेल्याखालची वाटी, बघून भुलू नका. पहिल्या धारेचा अर्क हवा असेल तर सकाळी गावातलीच कॉफी प्या.

तिसरा दिवस कुंभकोणमचा. दारासुरमचं ऐरावतेश्वराचं देऊळ बृहदीश्वरापेक्षा लहान, पण कोरीवकाम इतकं नाजूक की तळहाताएवढ्या चौकटीत अख्खा प्रसंग बसवला आहे. तिथून स्वामीमलैला मूर्तिकारांच्या कारखान्यात जा. मेण आणि राळ यांच्या मिश्रणाची मूर्ती आधी घडवतात, तिच्यावर कावेरीच्या गाळाच्या मातीचे थर देतात, प्रत्येक थर सावलीत वाळवतात, मग तापवून मेण बाहेर काढतात आणि त्या पोकळीत धातू ओततात. मातीत ओल राहिली तर वाफेनं साचा तडकतो, म्हणून पावसाळ्यात काम रेंगाळतं. साचा फोडल्याशिवाय मूर्ती निघत नाही. त्यामुळे एका साच्यातून एकच मूर्ती. विकत घेणार असाल तर नवी असल्याची पक्की पावती घ्या, आणि ‘जुनी आहे’ म्हणून कुणी चोरून दाखवली तर तिथून निघा. जुन्या मूर्तींचे व्यवहार कायद्याच्या कचाट्यात सापडतात.

चौथ्या दिवशी समुद्र. कुंभकोणमहून मयिलादुतुरैमार्गे तरंगंबाडीला दोन तास लागतात. 1620 साली रघुनाथ नायकांनी डेन्मार्कच्या लोकांना इथं वखारीची परवानगी दिली आणि त्यांनी डान्सबोर्गचा किल्ला बांधला. 1845 पर्यंत हे गाव डेन्मार्कचं होतं. 1706 साली त्सीगेनबाल्ग हा मिशनरी इथं उतरला, तामिळ शिकला आणि त्यानं छापखाना उभा केला. बायबलमधल्या नव्या कराराचं तामिळ भाषांतर इथंच छापलं गेलं. याच मिशनच्या श्वार्ट्‌झचा शिष्य असलेल्या सरफोजींनी पुढं तंजावरात देवनागरी छापखाना काढला आणि इसापच्या गोष्टी मराठीत छापल्या. मुंबई-पुण्यात मराठी छपाई रुळण्याच्या आधीची ही गोष्ट.

गाव पायी बघण्याएवढंच आहे. 1792 ची वेस ओलांडून किंग स्ट्रीटनं सरळ चाला. 1718 चं न्यू जेरुसलेम चर्च लागतं, आणि रस्ता संपतो तिथं किल्ला. शेजारी किनाऱ्यावर चौदाव्या शतकाच्या आरंभीचं मासिलामणिनाथाचं देऊळ. त्याचा पुढचा भाग लाटांनी नेला आहे. 2004 च्या त्सुनामीनं या गावाला मोठा तडाखा दिला. पाण्यात उतरू नका, ओढ जबर आहे. कोकणातल्या माणसानं एक लक्षात ठेवावं: इथं सूर्य समुद्रातून उगवतो, मावळतो शेतांत. तेव्हा मुक्काम करायचा तर पहाटेसाठी.

पाचव्या दिवशी दक्षिणेला. वाटेत कारैकल, 1954 पर्यंत फ्रेंचांचं. मग नागूरचा दर्गा. याच्या पाच मनोऱ्यांपैकी सर्वात उंच, 131 फुटांचा, तंजावरच्या प्रतापसिंह भोसल्यांनी बांधून दिला. सूफी संत शाहुल हमीद यांच्या या दर्ग्यात हिंदू भाविकांची गर्दी आजही तेवढीच असते. डोकं झाकायला रुमाल जवळ ठेवा. लगतचं नागपट्टणम हे चोळांचं मुख्य बंदर. राजराजाचा मुलगा राजेंद्र चोळ याचं आरमार 1025 च्या सुमारास श्रीविजयावर, म्हणजे सुमात्रा बेटावरच्या सागरी राज्यावर गेलं, आणि त्याच श्रीविजयाच्या राजानं त्याआधी इथं बौद्ध विहार उभारला होता. एग्मोरच्या बुद्धमूर्ती या गावच्या. ताजी मासळी खायची असेल तर 15 एप्रिल ते 14 जून टाळा. त्या काळात यांत्रिक बोटींना समुद्रबंदी असते.

एक दिवस जास्त असेल तर तंजावरहून दक्षिणेला 65 किलोमीटरवर मनोरा पाहा. नेपोलियनवरच्या इंग्रजांच्या विजयाची आठवण म्हणून सरफोजींनी 1814-15 च्या सुमारास समुद्रकाठी उभारलेला हा षट्‌कोनी बुरूज. भोवती खंदक आहे, आणि वर्दळ जवळजवळ नाही. पट्टुकोट्टैपर्यंत बस भरपूर, पुढं कमी. म्हणून तंजावरहूनच दिवसभराची गाडी ठरवावी, पाणी आणि डबा बरोबर घ्यावा, आणि रात्रीची चेन्नईची गाडी पकडायची असेल तर दुपारी तीनपर्यंत तिथून निघावं.